समीकरणे यंत्र सोडवील, मांडणार कोण?

गेल्या वर्षी विज्ञान दिनानिमित्त सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत बोलायला गेले होते. विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता. भाषण संपल्यावर नेहमीचे प्रश्न आले. यंत्राला भावना असतात का? ते माणसाला गुलाम करील का? निबंध लिहिताना त्याची मदत घेतली तर ती कॉपी ठरते का? शेवटी दहावीतला एक मुलगा उठला.

‘‘मॅडम, माझ्या वडिलांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ग्रिल, शटर, ट्रॉल्या करतात. मला ते पुढं वाढवायचं आहे. पण माझा मामेभाऊ म्हणतो, आता धंदासुद्धा एआयच करणार. काय बनवायचं, किती बनवायचं, केवढ्याला विकायचं, सगळं तेच ठरवणार. मग मी त्यात पडू की नको?’’

‘‘माणसाची सर यंत्राला कधीच येणार नाही. तू बिनधास्त कामाला लाग,’’ असे उत्तर मी दिले. टाळ्या पडल्या. परतीच्या एस.टी.त मात्र ते उत्तर मला टोचू लागले. ‘कधीच येणार नाही’ हे मी कशाच्या आधारावर म्हटले? विद्यार्थ्याने प्रयोगाच्या वहीत आधाराशिवाय निष्कर्ष लिहिला तर आपण तो खोडतो. मी तेच केले होते, आणि तेही एका मुलाच्या आयुष्याच्या निर्णयाबाबत.

म्हणून थोडे वाचन केले. तेव्हा लक्षात आले, की त्या मामेभावाचे म्हणणे नवे नाही. साधारण साठ वर्षांपूर्वी एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाने जवळजवळ तेच म्हटले होते, आणि आजचे उत्साही लोक नकळत त्याचीच री ओढत आहेत. त्या म्हणण्यात खरे किती आणि कच्चे किती, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे. मी अर्थशास्त्राची अभ्यासक नाही; प्रयोगशाळेत काम करणारी आहे. पण हा प्रश्न शेवटी ‘माहिती येते कुठून?’ याच प्रश्नाशी येऊन थांबतो, आणि तो आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे.

लांगे यांचा दावा

या वादाची सुरुवात १९२० साली झाली. लुडविग फॉन मीझेस या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने समाजवादी व्यवस्थेवर एक आक्षेप घेतला. कारखाने, यंत्रे, जमीन अशी सगळी उत्पादनाची साधने सरकारच्या मालकीची झाली, की त्यांची खरेदी-विक्री थांबते. खरेदी-विक्री थांबली, की त्यांना खरी किंमत राहत नाही. आणि किंमत नसेल, तर अमुक वस्तू या पद्धतीने बनवणे परवडते की त्या पद्धतीने, हे ठरवायचे कशावरून?

याला उत्तर देणाऱ्यांत ऑस्कर लांगे हे पोलिश अर्थशास्त्रज्ञ प्रमुख होते. १९३६-३७ मध्ये त्यांनी असे सुचवले, की मध्यवर्ती मंडळाने किमती जाहीर कराव्यात. माल पडून राहिला तर किंमत उतरवावी, टंचाई झाली तर चढवावी. असे करत करत योग्य किंमत सापडेल. बाजार तरी दुसरे काय करतो?

आयुष्याच्या अखेरीस लांगे पुन्हा या विषयाकडे वळले. ‘संगणक आणि बाजार’ या अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा छोटा लेख, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा: आज मला ते उत्तर पुन्हा लिहायचे असते तर काम फार सोपे झाले असते. सगळी एकसामयिक समीकरणे इलेक्ट्रॉनिक संगणकात घालावीत. सेकंदाच्या आत उत्तर मिळेल. बाजार हेही एक गणनयंत्रच आहे, फक्त इलेक्ट्रॉनिक युगाच्या आधीचे, म्हणून संथ. शिवाय बाजार आजचा मेळ घालतो. पुढच्या वीस वर्षांच्या वाढीचा हिशेब त्याला जमत नाही, तो यंत्राला जमेल.

लांगे यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे, की बाजार मोडीतच काढा असे ते म्हणत नाहीत. संगणकाची शक्ती मर्यादित आहे आणि त्याच्या उत्तरांची पडताळणी बाजारात व्हावी लागेल, हेही त्यांनी मान्य केले आहे. आजच्या पुष्कळ प्रचारकांपेक्षा ते अधिक सावध होते.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला होता. १९५० च्या दशकाच्या मध्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत जे परदेशी अर्थतज्ज्ञ बोलावले, त्यांत लांगे होते. त्याच संस्थेत १९५६ साली ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम हा संगणक बसला. दुसरी पंचवार्षिक योजना याच वातावरणात आकाराला आली. समीकरणांनी देशाचा गाडा हाकता येईल हा विश्वास तेव्हा हवेत होता, आणि तो बाळगणारी माणसे काही भोळी नव्हती.

गाडीवरचे गणित

लांगे नेमके काय म्हणतात, ते दहावीच्या बीजगणितातल्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणावरून सहज समजते.

एका गाडीवर वडापाव आणि बटाटाभजी मिळतात. एका वड्याला ५० ग्रॅम बटाटा व २० ग्रॅम बेसन लागते. भज्यांच्या एका प्लेटला ४० ग्रॅम बटाटा व ६० ग्रॅम बेसन लागते. घरात १० किलो बटाटे आणि ८ किलो ४०० ग्रॅम बेसन आहे. काहीही शिल्लक राहू नये, तर किती वडे आणि किती प्लेट भजी करावीत? वडे क्ष आणि प्लेटी य मानल्या, तर:

५० क्ष + ४० य = १००००
२० क्ष + ६० य = ८४००

उत्तर येते १२० वडे आणि १०० प्लेट भजी. वर्गातली मुले हे पाच मिनिटांत काढतील. आता दोन पदार्थांऐवजी दोन कोटी वस्तू आणि दोन कच्च्या मालांऐवजी दहा लाख कच्चे माल घ्या. माणसाच्या हातून हे होणार नाही, यंत्राच्या हातून पुष्कळ अंशी होईल. लांगे यांचा मुद्दा हा एवढाच आहे, आणि इथपर्यंत तो बरोबर आहे.

त्याचा पुरावाही आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडमध्ये प्लायवूडच्या उद्योगाने लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला एक अडचण सांगितली. वेगवेगळी यंत्रे वेगवेगळ्या जातींचे लाकूड वेगवेगळ्या गतीने सोलतात. कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड किती वेळ घालावे म्हणजे उत्पादन जास्तीत जास्त होईल? हे सोडवताना कांतोरोविच यांना जी रीत सापडली, तिला आपण आज रेषीय प्रायोजन म्हणतो. १९७५ साली त्यांना त्यासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विमानांची वेळापत्रके, तेलशुद्धीकरण, मालवाहतूक अशा कितीतरी ठिकाणी आज ही रीत वापरली जाते. तेव्हा ‘गणिताने कुठे धंदा होतो का?’ असे म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. धंद्याचा मोठा भाग गणितच आहे, आणि तो भाग यंत्राकडे गेला तर रडण्याचे कारण नाही.

चल आणले कोणी?

पण वरच्या उदाहरणात एक गोष्ट आपण गृहीत धरली. क्ष म्हणजे वडापाव आणि य म्हणजे भजी, हे आपल्याला आधीच ठाऊक होते. तिसरा पदार्थ असू शकतो, हे या दोन समीकरणांत कुठेच लिहिलेले नाही. ती कितीही वेगाने सोडवली तरी त्यांतून तिसरा पदार्थ बाहेर पडणार नाही.

याचे एक उदाहरण आपल्याकडचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे आपल्यासारखेच शिक्षक होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि सायकलींचा व्यवसाय करता करता शेतीच्या अवजारांकडे वळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. शेतकऱ्यांचा समज असा, की लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे सर्वांना माहीत आहे.

आता कल्पना करा, की लांगे यांचा संगणक त्या वेळी बेळगावात आहे. त्याच्याजवळ सगळी माहिती आहे: लाकडी नांगर किती, सुताराचे बलुते किती, बैलजोडीची किंमत काय, लोखंडाचा भाव काय. त्याला विचारले, ‘या मुलुखात लोखंडी नांगरांना मागणी किती?’ त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले असते: शून्य. आणि ते उत्तर बरोबरच असते! त्या दिवशी मागणी शून्यच होती. चूक गणिताची नव्हती, यंत्राच्या वेगाचीही नव्हती. शेतकरी लोखंडी नांगर घेतील की नाही, ही माहिती जगात कुठेच अस्तित्वात नव्हती. कोणीतरी नांगर ओतून, दुकानापुढे ठेवून, दोन वर्षे वाट पाहिल्यावरच ती माहिती तयार झाली.

आम्ही प्रयोगशाळेत जे करतो ते याहून वेगळे नाही. प्रयोग म्हणजे निसर्गाला पैसे आणि वेळ मोजून विचारलेला प्रश्न. उत्तर कुठल्या पुस्तकात असते तर प्रयोग कशाला केला असता? उद्योजकही प्रयोगच करतो. फरक इतकाच, की आमच्या प्रयोगाचे पैसे बहुधा सरकार देते.

योझेफ शुंपेटर यांच्यासारख्या विचारवंताचीही इथे थोडी गफलत झाली, असे मला वाटते. उद्योजकाला अर्थव्यवस्थेचे इंजिन मानणाऱ्या याच गृहस्थांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात भाकीत केले, की शोध लावणे हे मोठ्या कंपन्यांतल्या तज्ज्ञांचे नित्याचे काम होईल आणि उद्योजकाची गरज ओसरेल. प्रयोगशाळा नित्याच्या झाल्या, हे खरे. परंतु नित्याच्या प्रयोगशाळेतही कोणता प्रयोग करायचा हे नित्याचे होत नाही. आमच्याकडे उपकरणांपेक्षा अधिक भांडणे त्यावरूनच होतात.

दुसऱ्या बाजूचा आळस

इथे थांबले असते तर लेख सोपा झाला असता. ‘जुने सोडवते यंत्र, नवे आणतो माणूस’ असे सुभाषित फळ्यावर लिहून मोकळे होता आले असते. पण तेही तपासून घ्यायला हवे.

फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ च्या एका प्रसिद्ध लेखात लांगेपंथीयांना असे उत्तर दिले: अर्थव्यवस्थेला लागणारे ज्ञान एका जागी नसतेच. ते असंख्य माणसांच्या डोक्यांत विखुरलेले असते. कोणत्या गोदामात जागा रिकामी आहे, कोणता ट्रक परत येताना मोकळा असतो, हे त्या त्या जागच्या माणसालाच ठाऊक असते. मुद्दा मोलाचा आहे. पण त्यांच्या काही अनुयायांनी तो ताणून असे म्हटले, की असे अंगवळणी पडलेले ज्ञान आकड्यांत कधी मावणारच नाही, म्हणून यंत्राला ते कधीच येणार नाही. मी त्या मुलाला दिलेले उत्तर याच जातीचे होते.

गेल्या दहा वर्षांनी हे ‘कधीच’ खोटे पाडले आहे. गो या खेळातले मुरलेले खेळाडू चाल का केली हे शब्दांत सांगू शकत नाहीत. ‘इथे बरे वाटले’ म्हणतात. मार्च २०१६ मध्ये सोल येथे अल्फागो या प्रणालीने ली सेडॉल या नामांकित खेळाडूला पाच डावांपैकी चार डावांत हरवले. दुसऱ्या डावातली तिची एक चाल पाहून जाणकारांना आधी ती चूकच वाटली होती. म्हणजे नवीनपणा ही केवळ माणसाची मक्तेदारी आहे, असेही म्हणता येत नाही.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातला अनुभव तर फारच जवळचा. पीएच.डी.च्या काळात एका प्रथिनाचा स्फटिक मिळावा म्हणून मी दोन वर्षे घालवली. कोणत्या मिठाच्या द्रावणात तो वाढेल याचा अंदाज अनुभवी माणसांच्या हातालाच असतो, असे आम्ही म्हणत असू. अल्फाफोल्डने २०२० च्या जागतिक चाचणीत प्रथिनांचे आकार नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून इतके अचूक सांगितले, की आम्ही थक्क झालो. त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. माझे दोन वर्षांचे काम अशा प्रणालीला काही तासांचेसुद्धा नाही.

पण हे यश कशावर उभे आहे, तेही पाहा. १९७१ साली प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. जगभरच्या प्रयोगशाळांनी स्फटिक वाढवून, क्ष-किरण टाकून, एकेक आकार शोधून तिथे जमा केला. अल्फाफोल्ड शिकले ते अशा सुमारे पावणेदोन लाख आकारांवरून. त्यामागे किती जणांची किती वर्षे गेली आणि किती स्फटिक वाढलेच नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

म्हणून मला वाटते, की रेघ ‘आकडे’ आणि ‘हातोटी’ यांच्यामध्ये ओढणे चूक आहे. ती ‘करून पाहिलेले’ आणि ‘अजून कोणी करून न पाहिलेले’ यांच्यामध्ये ओढली पाहिजे. करून पाहिलेल्याची पुरेशी नोंद असेल तर यंत्र हातोटीसुद्धा शिकते. गोमध्ये तर यंत्र स्वतःशीच लक्षावधी डाव खेळते, कारण तिथे एक डाव हरण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो आणि नियम बदलत नाहीत. धंद्यात एकेक डाव वर्षभर चालतो, त्याला भांडवल लागते, आणि डाव चालू असतानाच नियम बदलतात.

यंत्राने चालवलेले दुकान

हे प्रत्यक्ष करून पाहण्याचाही एक प्रयोग झाला आहे. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या कार्यालयात एक छोटे दुकान, म्हणजे एक शीतकपाट आणि काही टोपल्या, क्लॉड या आपल्याच भाषिक प्रणालीच्या हाती महिनाभर दिले. काय मागवायचे, भाव काय लावायचा, गिऱ्हाइकांशी काय बोलायचे, हे सगळे यंत्राने ठरवायचे. माल रचण्यासारखी हातांची कामे तेवढी माणसांनी करायची.

पुरवठादार शोधण्याचे काम यंत्राने बरे केले. धंदा मात्र बुडीत गेला. सुमारे १५ डॉलरना मिळणाऱ्या एका शीतपेयाच्या सहा डब्यांसाठी एकाने १०० डॉलर देऊ केले; यंत्राने त्या मागणीची फक्त नोंद घेतली. शेजारच्या कपाटात जे पेय कर्मचाऱ्यांना फुकट मिळत होते, ते इथे ३ डॉलरना विकायला ठेवले. गंमत म्हणून कोणी टंगस्टन धातूचा ठोकळा मागितला, तर तसले ठोकळे मागवून खरेदीपेक्षा कमी भावात विकले. गोड बोलून मागेल त्याला सवलत दिली. एकदा तर ‘मी स्वतः निळा कोट घालून माल पोचवायला येतो’ असे कळवले! सुरुवातीच्या सुमारे १००० डॉलरचे महिन्याअखेर ८०० हूनही कमी उरले.

यावर हसणे सोपे आहे. पण नवशिक्या दुकानदाराच्या हातूनही पहिल्या महिन्यात असल्या चुका होतात. पुढच्या टप्प्यात कारभार पुष्कळ सुधारल्याचे कंपनीने त्याच वर्षाच्या अखेरीस सांगितले, आणि त्यात नवल नाही. यंत्र शिकेल. तेव्हा ‘बघा, जमले नाही’ हा युक्तिवाद फार दिवस टिकणारा नाही, आणि मी तो करणार नाही.

मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ते दोनशे डॉलर कोणाचे गेले? यंत्राचे नाही. यंत्राला झोप लागली नाही असे झाले नाही, त्याचे घर गहाण पडले नाही, त्याची गावात अब्रू गेली नाही. नुकसान कंपनीने सोसले, कारण प्रयोग तिने मांडला होता. म्हणजे त्या दुकानात उद्योजक कोण होते? भाव ठरवणारे यंत्र, की तोटा खिशातून भरणारी कंपनी?

पदरमोड

आपल्या भाषेत यासाठी एक चांगला शब्द आहे: पदरमोड. उद्योजकाची व्याख्या मी अशी करीन: ज्याचे उत्तर आधी ठाऊक असणे शक्य नाही अशा प्रश्नासाठी पदरमोड करणारा.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच हा भेद नीट मांडला होता. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम. शंभर घरांपैकी अंदाजे किती जळतील हे ठाऊक असते, म्हणून आगीचा विमा काढता येतो. पण लोखंडी नांगर विकला जाईल का, याचा विमा कोण उतरवील? मागे अशी शंभर उदाहरणेच झालेली नाहीत. याला नाइट अनिश्चितता म्हणतात. नफा हे हुशारीचे बक्षीस नसून ही अनिश्चितता अंगावर घेण्याचा मोबदला आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे मान्य केले तर यंत्राबद्दलचा प्रश्न बदलतो. यंत्र हिशेब करील, गिऱ्हाइकांशी बोलेल, नव्या कल्पनाही सुचवील. वेल्डिंगच्या वर्कशॉपसाठी पन्नास नव्या वस्तू सुचव म्हटले तर मिनिटभरात पन्नास सुचवील, आणि त्यांतल्या दोन-चार खरोखर चांगल्या असतील. सुचणे स्वस्त झाले आहे. करून पाहणे मात्र स्वस्त झालेले नाही. त्या पन्नासांपैकी एकीवर पत्रा आणि पंधरा दिवस खर्च करायचे, तर ते कोणाचे, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

कोणी म्हणेल, यंत्रालाच एक बँक खाते देऊन टाकू. नुकसान झाले तर त्याचे होईल. पण त्या खात्यात पैसे टाकणारा कोणी तरी असतोच. खरे तर मर्यादित दायित्वाची कंपनी ही माणसानेच पूर्वी काढलेली अशी एक युक्ती आहे: तोटा ठरावीक मर्यादेपलीकडे मालकाच्या घरापर्यंत येऊ नये. ती उपयोगी ठरली, आणि तिचा गैरवापरही झाला. यंत्राच्या आड उभे राहून जबाबदारी झटकण्याचा मोह त्याहून मोठा असेल.

आणि इथे उद्योजकांच्या भाटांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. पदरमोड हीच जर नफ्याची नैतिक बाजू असेल, तर जो तोटा बँकेवर, कामगारांवर किंवा गिऱ्हाइकांवर ढकलतो त्याला उद्योजक का म्हणावे? घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलाचा मोबदला आणि वेळ संगणकाची प्रणाली ठरवते. पाऊस आला, टायर फुटला, तर खर्च त्या मुलाचा. अनिश्चितता अंगावर कोण घेतो आहे, ते उघड आहे.

त्याहून सूक्ष्म प्रकार माहितीचा. एखादा छोटा विक्रेता मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत नवी वस्तू ठेवून पाहतो. खपली नाही तर नुकसान त्याचे. खपली, तर कोणी घेतली, केव्हा घेतली, केवढ्याला घेतली, ही सगळी माहिती बाजारपेठेच्या मालकाला दिसते. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅमेझॉनवर नेमका हा प्राथमिक आक्षेप घेतला होता, की स्वतंत्र विक्रेत्यांची गोपनीय माहिती ती कंपनी आपल्या किरकोळ विक्रीसाठी वापरते. डिसेंबर २०२२ मध्ये ही माहिती तशी न वापरण्याची बंधनकारक हमी देऊन कंपनीने ते प्रकरण मिटवले. पदरमोड एकाची आणि त्यातून जन्मलेली माहिती दुसऱ्याची, असा हा सौदा. यंत्रे जितकी शिकाऊ होतील तितकी या माहितीची किंमत वाढेल. त्या मुलाच्या मामेभावाला भीती वाटते, की यंत्र उद्योजकाची जागा घेईल. मला अधिक भीती ही वाटते, की लहान उद्योजक जागेवरच राहील, प्रयोग करत राहील, आणि त्याच्या प्रयोगांचे पीक दुसराच कापून नेईल.

यावर उपाय कोणता? प्रोटीन डेटा बँकेत आम्ही आमच्या प्रयोगांचे निकाल सर्वांसाठी खुले ठेवतो. उद्योगात ते पूर्णपणे जमणार नाही. पण पदरमोड एकट्याने करावी लागते, असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घेऊन. पुढे सहकाराचे काय झाले हा वेगळा आणि दुखरा विषय आहे. तरी अनिश्चितता वाटून घेता येते आणि पिकाची मालकीही वाटून घेता येते, हे त्यांनी दाखवले. छोट्या वर्कशॉपांनी आपल्या माहितीची अशी एखादी सहकारी पेढी का काढू नये?

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला वर दिलेले वडापावचे गणित द्या. दुसऱ्याला एवढेच सांगा: ‘आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर ५०० रुपयांत नवे काय विकता येईल?’ पहिला गट दहा मिनिटांत मोकळा होईल. दुसरा गट आधी प्रश्न विचारू लागेल: गिऱ्हाईक कोण, पाऊस आला तर काय, उरलेला माल कोणी घ्यायचा, आणि ५०० रुपये कोणाचे? शेवटचा प्रश्न कोणी विचारतो का, तिकडे लक्ष द्या. मग दोन्ही प्रश्न, सोय असेल तर, संगणकालाही घाला आणि त्याच्या उत्तरांवर चर्चा करा.

त्या मुलाला मी शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहिले. तुला दिलेले उत्तर घाईचे होते, असे कबूल केले. हिशेब, रेखाचित्रे, दरपत्रके यांत यंत्राची जरूर मदत घे. त्यात तुझ्याहून ते पुढे जाईल, त्याची लाज नको. पण कोणी, यंत्राने किंवा माणसाने, ‘हे बनव, नक्की खपेल’ असे सांगितले, की एक विचार: चुकले तर कोणाचे जाईल? आणि बरोबर आले तर ते कळेल कोणाला?

त्याचे उत्तर आले. वडिलांनी म्हणे जुन्या पिंपाला छिद्रे पाडून, मोटर बसवून, आले धुण्याचे एक फिरते यंत्र केले आहे. कोणी मागितले नव्हते. वर्कशॉपच्या दारात ठेवले आहे आणि येणारे-जाणारे थांबून बघतात. विकले गेले का, ते पत्रात नव्हते.